मेमरी भरली म्हणतात, पण डिस्क तर रिकामी! कुणी समजावून सांगेल का?

शाळाबाई | मंगळवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली निवृत्त शिक्षिका, मराठी प्राथमिक शाळेत उभी हयात गेली. संगणकातलं मला टाईप करणं, प्रिंट काढणं आणि भाच्याला फोन लावणं एवढंच येतं. भाचा सध्या बोटीवर आहे, सहा महिने येणार नाही. म्हणून इथे विचारते. हे मोबाईलवरून लिहितेय, चुका सांभाळून घ्या.

घरचा संगणक बाराएक वर्षांचा. विंडोज १० आहे. तीन दुखणी आहेत.

पहिलं, भयंकर हळू चालतो. चालू करून मी चहा टाकते, चहा उकळून, गाळून, पिऊन होतो, तरी गोल फिरतच असतो. शहरातल्या एका दुकानात नेला तर तो म्हणाला, "मेमरी भरली बाई, मशीन जुनं झालं, नवीनच घ्या" आणि अडतीस हजारांचा कागद हातात दिला. घरी येऊन मी बघितलं तर ४६५ पैकी ३९० जीबी मोकळी! मग भरलं काय?

दुसरं, रोज सकाळी घड्याळ १ जानेवारी २०१३ दाखवतं. आणि बँकेची, विजेच्या बिलाची साईट उघडत नाही, कनेक्शन सुरक्षित नाही असं काहीतरी इंग्रजीत येतं.

तिसरं मनाला जास्त लागलंय. आमच्या देवळाच्या उत्सवासाठी मी २००८ साली एक रामायणावरचं नाटक लिहिलं होतं, तीन अंकी. यंदा पोरं ते परत करायचं म्हणतात. सीडीवरची फाईल उघडली तर सगळी इंग्रजी अक्षरं, अर्थ काही नाही. दुकानदार म्हणाला व्हायरसने खाल्लं.

यात यंत्र बिघडलंय की आतलं काही, हेच मला कळत नाही. हार्डवेअर, सॉफ्टवेअर हे शब्द ऐकलेत, पण नक्की कुठे काय संपतं आणि काय सुरू होतं?

---

स्क्रूड्रायव्हर | मंगळवार, रात्री ९:३१

बाई, आधी एक करा, अडतीस हजार पर्समध्येच ठेवा.

---

म्हापसेकर | मंगळवार, रात्री ९:३८

सोपी व्याख्या: राग आला की ज्याला लाथ मारता येते ते हार्डवेअर, ज्याला नुसत्या शिव्या घालता येतात ते सॉफ्टवेअर. (विनोद जुना आहे, पण इतकी नेमकी व्याख्या मला दुसरी सापडलेली नाही.)

---

विंगेतून | मंगळवार, रात्री १०:२०

बाई, तुम्ही नाटकवाल्या आहात तर नाटकातूनच सांगतो. मीही फोंड्याकडच्या गावात वीस वर्षं काल्याच्या, म्हणजे देवळाच्या उत्सवातल्या नाटकात प्रॉम्प्टिंग केलंय. पोट मात्र संगणकावर चालतं.

मांड (म्हणजे खेळाची जागा, रंगमंच), पडदे, दिवे, माईक, नटांची शरीरं हे सगळं हार्डवेअर. तुमची वही हे सॉफ्टवेअर. त्याच मांडावर पहिल्या रात्री पौराणिक होतं, दुसऱ्या रात्री सामाजिक. मांड बदलत नाही, वही बदलते. संगणकाची सगळी करामत एवढीच आहे. शिवणयंत्र फक्त शिवतं, मिक्सर फक्त वाटतो. याला मात्र जी वही द्याल तो खेळ होतो, आज हिशेब, उद्या फोटो, परवा पत्रिका.

आता तुमचं 'मेमरी' प्रकरण. हा शब्दच भांडणाचं मूळ आहे, कारण तो दोन वेगळ्या वस्तूंना लावतात. देवळाच्या अग्रशाळेत, आवारातल्या खोल्यांत, ट्रंका असतात ना, मुकुट, गदा, शालू, मागच्या दहा वर्षांच्या नाटकांचं सामान? ती तुमची हार्डडिस्क. ४६५ जीबी ती. लाईट गेली तरी ट्रंकेतलं सामान जागेवर राहतं. आणि चालू प्रवेशात जेवढे नट आणि जेवढं सामान मांडावर उभं आहे, तो मांड म्हणजे रॅम. बहुतेक तुमच्याकडे ती ४ जीबी असेल. खेळ संपला, लाईट गेली, की मांड रिकामा. म्हणून न साठवलेलं पत्र लाईट गेल्यावर नाहीसं होतं: ते मांडावर होतं, ट्रंकेत गेलंच नव्हतं. 'सेव्ह' दाबणं म्हणजे ट्रंकेत घालणं.

तुमच्या ट्रंका रिकाम्या आहेत, मांड भरलाय. दुकानदार शब्दाला खोटा नव्हता, औषध चुकीचं सांगितलं.

आता हळू का? मांडावर दहा माणसांची जागा आणि प्रवेश राजदरबाराचा, वीस माणसांचा. मग स्टेज मॅनेजर काय करतो? ज्याचं वाक्य आत्ता नाही त्याला पार अग्रशाळेत पिटाळतो, दुसऱ्याला बोलावतो, मग पहिल्याचं वाक्य आलं की परत धाव. नाटक थांबत नाही, पण प्रत्येक वाक्याआधी पावलं वाजतात. विंडोज नेमकं हेच करतं, रॅम पुरली नाही की तिच्यातला मजकूर डिस्कवर ठेवतं आणि लागला की परत आणतं. जुन्या फिरत्या हार्डडिस्कला एक जागा गाठायला साधारण १० मिलिसेकंद लागतात. रॅमला त्याच्या लाखाव्या भागाइतका वेळ पुरतो. तुमचा चहा त्या धावपळीत उकळतो.

---

निळा_पडदा | मंगळवार, रात्री १०:४४

उपमा झकास. पण प्रोसेसर कुठे गेला यात?

---

विंगेतून | मंगळवार, रात्री १०:५८

@निळा_पडदा, तिथेच उपमा लंगडी पडते, कबूल. नटाला भाव असतो, प्रोसेसरला नाही. त्याला एकच गोष्ट येते: पुढची सूचना वाचायची, ती करायची, त्याच्या पुढची वाचायची. सूचनाही किती साध्या, हे दोन आकडे मिळव, हा मोठा का तो बघ, मोठा असेल तर अमुक ओळीवर उडी मार. ३ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ३०० कोटी ठोके, त्या वेगामुळे तो शहाणा वाटतो. चुकीची ओळ दिली तर तीही त्याच इमानाने करतो.

स्टेज मॅनेजर म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, तुमचं विंडोज. कोण कधी मांडावर, कोणाला माईक, कोणती ट्रंक कोणी उघडायची, सगळं त्याच्या हाती. प्रेक्षकाला तो दिसत नाही, पण तो झोपला की खेळ बोंबलला.

---

कुळागरी | बुधवार, सकाळी ७:०५

माझा एक बाळबोध प्रश्न. आमच्याकडे त्या उभ्या डब्याला सगळे सीपीयू म्हणतात. "सीपीयू पुसून ठेव" वगैरे. मग तो प्रोसेसर वेगळा का?

---

स्क्रूड्रायव्हर | बुधवार, सकाळी ७:४०

डब्याचं नाव कॅबिनेट. सीपीयू म्हणजे प्रोसेसर, आत मदरबोर्डवर (सगळे भाग जोडलेल्या मुख्य पाटीवर) पंख्याखाली दडलेला, काड्यापेटीपेक्षाही लहान चौकोन. घरात एक माणूस पिंटो म्हणून घरालाच पिंटो म्हणावं तसं झालंय. आता शब्द रुळलाय, दुकानात सीपीयू म्हटलं तर डबाच समजतात, भांडू नका.

बाई, तुमच्यासाठी काम. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. 'परफॉर्मन्स' मध्ये 'मेमरी' आणि 'डिस्क' असे दोन आकडे असतात, ते इथे लिहा. आणि एक विचारतो: रात्री संगणक बंद केल्यावर भिंतीवरचं बटणही बंद करता का?

---

शाळाबाई | बुधवार, सकाळी ११:१५

मेमरी: ४ पैकी ३.६ जीबी. डिस्क: १०० टक्के, लाल.

भिंतीवरचं बटण, हो. मागच्या पावसाळ्यात शेजारी वीज पडून त्यांचा टीव्ही गेला, तेव्हापासून मी रोज रात्री बटण बंद करून प्लगही काढते. चुकतं का?

---

स्क्रूड्रायव्हर | बुधवार, दुपारी १:२०

अजिबात चुकत नाही, आपल्याकडच्या विजा बघता उत्तमच. इंटरनेटच्या राऊटरचाही प्लग काढत जा, आणि राऊटरकडून संगणकाला जाणारी केबलही. वीज तिकडूनही शिरते. पण तुमच्या घड्याळाचं रहस्य त्या बटणातच आहे.

मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा एक सेल असतो, नाव सीआर २०३२. नावातच माप आहे, २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी. व्होल्टेज ३. संगणक बंद असताना घड्याळ चालू ठेवायचं काम त्याचं. भिंतीचं बटण चालू असेल तर बंद संगणकालाही आतून थोडी वीज मिळत राहते, सेल आराम करतो. तुम्ही बटण बंद करून प्लग काढायला लागलात आणि बारा वर्षांच्या म्हाताऱ्या सेलवर रात्रभर एकट्याने घड्याळ ओढायची पाळी आली. तो दमला. सकाळी घड्याळ मदरबोर्डच्या जन्मतारखेच्या आसपास जाऊन बसतं.

आणि बँक का उघडत नाही? प्रत्येक सुरक्षित साईटकडे एक डिजिटल दाखला असतो, त्यावर 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' लिहिलेलं असतं. तुमचा संगणक समजतो आज २०१३ आहे. दाखला त्याच्या दृष्टीने अजून जन्मालाही आलेला नाही, म्हणून तो दारातच अडवतो. बँक ठीक, इंटरनेट ठीक, ब्राऊझर ठीक. दिसायला दुखणं पक्कं सॉफ्टवेअरचं, निघालं पन्नासेक रुपयांच्या सेलचं.

---

म्हापसेकर | बुधवार, दुपारी १:३५

आमच्या ऑफिसात असंच झालं होतं. चार दिवस इंटरनेट कंपनीला फोन करून आम्ही त्यांचं डोकं खाल्लं. पाचव्या दिवशी शिपाई म्हणाला, "सायबा, घड्याळ पळय मरे" (घड्याळ बघा की). चार इंजिनिअर होते खोलीत.

---

कुळागरी | बुधवार, दुपारी २:१०

विजेचा विषय निघालाच आहे तर, माझ्या कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की बारीक झिणझिण्या येतात. पाय ओले असले तर जास्त.

---

स्क्रूड्रायव्हर | बुधवार, दुपारी २:२५

अर्थिंग नाही. सगळी कामं सोडून इलेक्ट्रिशियन बोलवा. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या अडॅप्टरमध्ये कोंबला असेल तर तो आजच काढा. यावर मस्करी नाही.

---

निळा_पडदा | बुधवार, रात्री ८:५०

बाईंच्या नाटकाकडे कुणी वळलंच नाही! बाई, फाईलमध्ये वारंवार येणारे दोन-तीन शब्द जसेच्या तसे सांगाल का? ओळीच्या सुरुवातीला येणारे सांगा.

---

शाळाबाई | बुधवार, रात्री ९:३०

ओळीच्या सुरुवातीला बऱ्याचदा जे, के, ई अशी तीन अक्षरं आहेत. मग एल, एच, आर, के. आणि दुसऱ्या अंकात जे, के, ओ, मग एक टिंब, मग परत के.

---

निळा_पडदा | बुधवार, रात्री ९:४१

बाई, व्हायरसने काही खाल्लेलं नाही. जे के ई म्हणजे राम. एल एच आर के म्हणजे सीता. आणि तिसरा रावण! तुमचं नाटक सहीसलामत आहे.

---

शाळाबाई | बुधवार, रात्री ९:४४

अगोबाई! हे कसं ओळखलंत? अंगावर काटा आला.

---

निळा_पडदा | बुधवार, रात्री १०:३०

जादू नाही, मराठी टाईपरायटर. माझ्या आईने पणजीत एका कचेरीत बरीच वर्षं त्यावर काम केलं.

संगणकाला अक्षर ठाऊकच नसतं, आकडा ठाऊक असतो. आतल्या प्रत्येक तारेत वीज आहे किंवा नाही, एक किंवा शून्य, एवढंच. त्याला बिट म्हणतात, आठ बिटांचा एक बाईट. कोणता आकडा म्हणजे कोणतं अक्षर हे माणसांनी आपापसांत ठरवलं. इंग्रजीचं लवकर ठरलं, मोठा ए म्हणजे ६५, छोटा के म्हणजे १०७. मराठीचं सर्वमान्य ठरायच्या आधीच आपल्याला मराठीत लिहायची घाई होती. मग फॉन्ट बनवणाऱ्यांनी चलाखी केली. फाईलमध्ये आकडा इंग्रजी अक्षराचाच ठेवला, फक्त फॉन्टमध्ये त्या आकड्यापुढे चित्र मराठी काढलं. कृतिदेव नावाचा फॉन्ट असाच आहे. त्यात छोट्या जे च्या जागी र, के च्या जागी काना, ई च्या जागी म. र, काना, म. झाला राम. रावणातला ण बघा, टिंबाच्या जागी अर्धा ण आणि पुढे काना, जसा टाईपरायटरवर दोन खटक्यांत काढायचे तसाच.

म्हणजे तुमची फाईल २००८ पासून जशी होती तशीच आहे. फक्त चष्मा हरवलाय. नव्या विंडोजमध्ये तो फॉन्ट नाही, म्हणून उघडी इंग्रजी अक्षरं दिसतात. फॉन्ट बसवला की रामराज्य.

पण तेवढ्यावर थांबू नका. ती फाईल मुलांना व्हॉट्सअॅपवर पाठवलीत तर त्यांच्या फोनवर परत जे के ई. म्हणून ती युनिकोडमध्ये बदलून घ्या. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची, त्यात जगातल्या लिप्यांना स्वतःचे आकडे मिळाले. देवनागरीला २३०४ ते २४३१, आणि आपला क आहे २३२५. आता आपण या धाग्यावर लिहितोय तेही युनिकोडच. 'गोवा' लिहिलं की ग, ओकार, व, काना असे चार आकडे होतात, प्रत्येकाला तीन बाईट, म्हणजे बारा बाईट. इंग्रजीत चार अक्षरं चार बाईटांत भागतात. देवनागरी थोडी जागा जास्त खाते, खाऊ दे. तुमच्या ३९० जीबीत सगळ्या गावांची उत्सवी नाटकं मावतील.

कृतिदेवातून युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर फुकट मिळतात. मात्र नंतर डोळ्यांत तेल घालून वाचा. टाईपरायटरवर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारायचे, युनिकोडमध्ये ती नंतर येते. रफाराचं उलट, तिथे अक्षरानंतर, इथे अक्षराआधी. त्या अदलाबदलीत जोडाक्षरावरची वेलांटी बऱ्याचदा भलत्या अक्षरावर जाऊन बसते.

---

विंगेतून | बुधवार, रात्री १०:५२

हे वाचून मला माझ्या जुन्या हस्तलिखितांची काळजी वाटायला लागली. माझीही फ्लॉपीवर आहेत. फ्लॉपी!

बाई, सीडीची आजच प्रत काढा. आपल्या दमट हवेत सीडीला बुरशी धरते, मी डोळ्यांनी बघितलीय. एक प्रत संगणकात, एक पेनड्राईव्हवर, एक स्वतःलाच ईमेल करून. एकाच घरात तिन्ही ठेवू नका.

---

स्क्रूड्रायव्हर | गुरुवार, सकाळी ८:१५

आता वेगाचं. दोन गोष्टी बदला. ४ जीबी रॅमच्या जोडीला आणखी ४ किंवा ८, आणि फिरत्या हार्डडिस्कच्या जागी एसएसडी. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं, सगळं चिपमध्ये, म्हणून ती धावपळ झाली तरी फार झटपट होते. एकच निवडायची वेळ आली तर माझं मत एसएसडीला. रॅम घेताना जुनी पट्टी सोबत न्या. तुमच्या वयाच्या मशीनला बहुतेक डीडीआर३ नावाची जुन्या पिढीची रॅम लागते. डीडीआर४ ची खाच वेगळ्या जागी असते, ती बसतच नाही. जोर लावू नका आणि दुकानात लावू देऊ नका.

जुनी पट्टी काढलीच आहे तर तिचे सोनेरी दात खोडरबरने हलके पुसा. पावसाळ्यानंतर 'चालूच होत नाही, नुसता बीप बीप करतो' म्हणून जी मशीनं माझ्याकडे येतात, त्यांतली कितीतरी एवढ्यावर उठतात. खोडरबर तर बाईंकडे असणारच. आणि हात लावण्याआधी प्लग काढलेला असू दे.

---

म्हापसेकर | गुरुवार, सकाळी ९:००

एक मुद्दा राहिला. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले. एवढ्या जुन्या मशीनवर विंडोज ११ मायक्रोसॉफ्टच्या नियमात बसणार नाही, त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. मग बँकेचे व्यवहार त्यावर करायचे का? मी तर म्हणेन नवीन घ्या.

---

निळा_पडदा | गुरुवार, सकाळी ९:२२

किंवा विंडोजच्या जागी लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम टाका. फुकट आहे, जुन्या मशीनवर पळतं, त्यावरच्या लिब्रेऑफिस या लिहिण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी नीट चालते. मांड तोच, स्टेज मॅनेजर नवा.

---

म्हापसेकर | गुरुवार, सकाळी ९:३०

बाईंना या वयात लिनक्स शिकवणार? भाचा बोटीवर आहे हे विसरू नका.

---

शाळाबाई | गुरुवार, दुपारी ४:०५

या वयात म्हणजे काय हो? मी पंचावन्नाव्या वर्षी स्कूटर शिकले. पण बँकेचं मी भाचा येईपर्यंत मोबाईलवरच करीन. लिनक्सचं तो आल्यावर बघू. आधी नाटक.

---

शाळाबाई | पुढचा सोमवार, रात्री ८:४५

मंडळी, अहवाल देते.

सेल बदलला, साठ रुपये. दुसऱ्या दुकानात गेले, पोरगा चांगला होता, त्याने माझ्यासमोर बदलला. घड्याळ बरोबर चालतं, विजेच्या बिलाची साईट उघडली, बिल मात्र होतं तेवढंच आहे. एसएसडी आणि रॅम दोन्ही घातलं. आता पातेलं गॅसवर ठेवेपर्यंत संगणक तयार असतो, चहाची सवय मोडायला हवी. त्या पोराने विचारलं, "बाई, तुम्हाला डीडीआर३ कसं माहीत?" मी म्हटलं, खाच वेगळी असते. तो बघतच राहिला.

नाटक उघडलं. पहिलं पान दिसलं तेव्हा खरंच डोळ्यांत पाणी आलं. त्यात आमच्या आता हयात नसलेल्या एका नटाच्या सूचना कंसात लिहून ठेवल्या होत्या मी, त्या पार विसरले होते. @निळा_पडदा, देव बरें करूं. युनिकोडमध्ये बदललं, पोरांच्या फोनवर गेलं, तालमी सुरू झाल्या.

वेलांट्यांचं तुम्ही म्हणालात तसंच झालं. मंदोदरी रावणाला 'मन स्थिर ठेवा' म्हणते, तिथली वेलांटी तीनदा दुरुस्त केली तरी छापलेल्या फाईलमध्ये ती अजून अर्ध्या स वरच चढून बसलीय. छापील प्रतींवर ती मी लाल पेनाने सरकवतेय, एकेचाळीस प्रती आहेत.

---

विंगेतून | पुढचा सोमवार, रात्री ९:०२

बाई, कंट्रोल आणि एच दाबा. शोधा आणि बदला. एका झटक्यात होईल.

---

शाळाबाई | पुढचा सोमवार, रात्री ९:१०

आता सांगताय! छत्तीस झाल्या.